दिसलं तेवढंच

देगलूरला आमच्या घराच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या अंगाला, गेरूचा एक जुना डाग आहे. घराला आजवर तीनदा रंग झाला, पण तेवढी वीतभर जागा मी रंगाऱ्याला झाकू दिली नाही. नीट निरखून पाहिलं तर त्यात एक तारीख आणि दोन शब्द वाचता येतात : 'घर बंद'. माझ्याविषयीच्या जितक्या सरकारी नोंदी आहेत, त्यांत माझी जन्मतारीखसुद्धा खरी नाही. ही एक नोंद तेवढी खरी आहे. ती प्रल्हाद सोनकांबळ्यांनी केलेली.

सोनकांबळे आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामाला होते. गाव त्यांना मलेरियावाले म्हणायचं. घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, रांजणात आणि हौदात डोकावून डासांच्या अळ्या पाहायच्या आणि बाहेरच्या भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची, एवढं काम. त्यांच्याबरोबरची मंडळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून एका चहात अख्खी गल्ली तपासून मोकळी व्हायची. सोनकांबळे प्रत्येक दार वाजवायचे. आमचं दार त्यांनी वाजवलं तेव्हा आम्ही लातूरला लग्नाला गेलो होतो. परत आलो तर भिंतीवर हे. बायको म्हणाली, "चोरांना आमंत्रणच देऊन गेला की हो!"

मी हायस्कुलात मास्तर. गावात कुणालाही रस्त्यात थांबवून बोलायचा मला हक्क आहे असं मला त्या काळी वाटायचं. मी त्यांना गाठलं. ते सायकलवरून उतरले. उतरल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत.

"अहो, 'भेट दिली' असं लिहून टाकायचं. काय बिघडलं असतं?"

"सर, मी तुमचा रांजण पाह्यला का?"

"नाही."

"मग कसं लिहू? दिसलं तेवढंच द्यायचं."

हे 'द्यायचं' काय, ते मला कळलं नाही. मलेरियावाला देऊन देऊन काय देणार, कडू गोळ्या. पुढच्या रविवारी कळलं. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉलचा सामना होता, आणि मधोमध काळा शर्ट, काळी चड्डी घालून हाच माणूस उभा होता. मलेरिया त्यांचा पोटापुरता होता. खरे ते पंच.

पंच म्हणजे दिसायला कसा, तर पाच फूट तीन इंच, पोटऱ्या सायकलीनं कमावलेल्या, आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. एक बंद पडलं तर दुसरं. शिट्टी अंगाच्या साबणाच्या डबीत, कापसात गुंडाळून. पिवळं कार्ड कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीचं कापलेलं आणि लाल कार्ड बारशाच्या. लाल त्यांना माझ्या माहितीत चारदाच काढावं लागलं. बोलता बोलता उलट्या पावलांनी मागं मागं सरकायची त्यांना खोड होती, कारण पंचाला सगळे समोर दिसले पाहिजेत. त्यांच्याशी गप्पा मारायला लागलं की माणूस चौकातून निघून थेट तहसीलपर्यंत पोचायचा. एकदा मी त्यांना असं नालीत पाडलंय. मला मागची नाली दिसत होती, पण मी गोष्ट सांगण्याच्या रंगात होतो.

त्यांचा नावलौकिक झाला तो एका न दिलेल्या गोलामुळं. तालुक्याची फायनल होती. तेव्हा खाजाभाई आमचा सेंटर फॉरवर्ड होता. पुढं त्यानं मेन रोडला पंक्चरचं दुकान टाकलं, पण त्या काळी तो पळाला की मागं फक्त धूळ दिसायची. शेवटच्या मिनिटाला त्यानं मारलेला बॉल गोलात गेला, जाळी नव्हती म्हणून पलीकडं निघूनही गेला. अख्ख्या मैदानानं पाहिलं, मीही पाहिलं. सोनकांबळ्यांच्या आणि बॉलच्या मध्ये नेमकी ती धूळ होती. त्यांनी मान हलवली. लोक मैदानात घुसले. आमदार मांडवातून उठून आले आणि म्हणाले, "अरे देऊन टाक की, सगळे म्हणून राहिले."

"सगळे म्हणतात म्हंजे झाला असंल, साहेब," सोनकांबळे म्हणाले. "मला दिसला न्हाई."

आमची टीम हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकांबळे स्वतः खाजाभाईच्या घरी गेले. सांत्वनाला मीही तिथं बसलेलो होतो, म्हणजे चहाला. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "खाजाभाई, गोल झाला होता म्हणतात. मला दिसला न्हाई. राग धरू नका." एवढं बोलून सायकलवर बसून गेले. खाजाभाई दाराकडं बघत म्हणाला, "इनो मेरा गोल खा गए सर, मगर झूठ नहीं खाए." तेव्हापासून खाजाभाईच्या लेखी सोनकांबळ्यांचा शब्द म्हणजे शब्द. बाजारात सोयाबीनच्या काट्यावरून भांडण लागलं तरी तो म्हणायचा, "सोनकांबळे साब को बुलाव. इनो देखे सो बोलेंगे."

विश्वचषकाच्या दिवसांत सोनकांबळे आमच्याकडं टीव्ही बघायला यायचे. बघायचे मात्र पंचाकडं. जगातल्या थोर थोर खेळाडूंनी गोल केले, सोनकांबळ्यांनी ते पाहिले नाहीत. "बघा बघा, कसा तिरका पळून राहिला," असं ते मधेच ओरडायचे, आणि आम्ही खेळाडू शोधत बसायचो. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, टीव्हीत शिट्टी ऐकू येते. पर ती मैकमधून येती. तिथं बसलेल्या माणसाला येत असंल का?"

"येत असेल की."

"लाखभर माणूस वरडून राहिलंय. आन् एक माणूस एवढ्याशा शिट्टीत फुकतो. शेवटच्या रांगंत बसलेल्याला ऐकू येती का न्हाई?" ते थांबले. "येत असंल तर मग काय बोलायचंच न्हाई."

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला. कोण जिंकतं याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. विश्वचषकाला एकदा जायचं, सगळ्यात वरच्या, सगळ्यात शेवटच्या रांगेत बसायचं आणि शिट्टी ऐकायची, एवढंच त्यांना हवं होतं.

ब्राझीलच्या विश्वचषकाच्या सव्वा-दीड वर्ष आधी त्यांनी पासपोर्ट काढला. काढला म्हणजे मीच काढून दिला. परदेशप्रवासातला गावातला जाणकार मीच होतो, कारण मी एकदा नेपाळला जाऊन आलो होतो. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. चौकशीला पोलीस घरी आला, त्यानं भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली, दोन घड्याळं पाहिली आणि विचारलं, "कशाला चाललाव?" सोनकांबळे म्हणाले, "शिट्टी ऐकायला." पोलिसानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "पर्यटन लिहा."

ब्राझीलच्या वेळी त्यांच्या बायकोचं दुखणं निघालं. नांदेड, हैदराबाद, परत नांदेड असं करत दीड वर्षानं त्या गेल्या. रशियाच्या वेळी लेकीचं लग्न आलं, लातूरला दिली. पासपोर्ट साबणाच्या डबीशेजारी पडून राहिला. त्याच्यावर कुठल्याच देशाचा शिक्का नव्हता. मग त्यांची निवृत्ती आणि कतारचा विश्वचषक एकाच वर्षी आले. मी म्हणालो, "आता नाही तर कधीच नाही." हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळांना म्हटलंय, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं नुकसान झालंय.

फंडाचे पैसे हातात आले होते. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, वर एक खोली बांधून घ्या, आम्ही आलो की झोपायला जागा नसती." ते म्हणायचे, "बांधू, आल्यावर." लातूरच्या एका एजंटाकडं आम्ही दोघं गेलो. विमान, आठ दिवसांचा मुक्काम आणि एका सामन्याचं तिकीट, असं सगळं मिळून त्यानं जो आकडा सांगितला, तेवढ्यात खोलीच काय, खोलीवर अजून एक खोली झाली असती. त्यातून मुक्काम कसला, तर मैदानाजवळ ओळीनं मांडलेल्या पत्र्याच्या डब्यात. फोटो पाहून सोनकांबळे पहिल्यांदाच हसले. "पत्र्यात ऱ्हायला एवढे पैसे? पत्र्यात तर मी जन्मलो, सर." मग तिकिटाचा नकाशा उघडला. एजंट म्हणाला, "ही सगळ्यात वरची रांग हाय काका, खेळाडू मुंगीएवढे दिसतील. थोडे पैसे टाका, खाली देतो."

"हीच द्या," सोनकांबळे म्हणाले. "तिथवर आली म्हंजे सगळीकडं आली."

पैसे परत मिळणार नाहीत या कागदावर त्यांनी सही केली. फॉर्म सगळे मी भरले. पासपोर्टची मुदत मीच पाहिली. अजून अडीच महिने होते. ते तर आठ दिवसांत परत. मी ऐटीत म्हणालो, "भरपूर आहे." कतारची ऑनलाइन परवानगीही आली, तेव्हा मला वाटलं की नेपाळचा अनुभव वाया जात नाही.

आणि मग मी सत्कार ठेवला.

आमच्याकडं माणूस परदेशी निघाला की सत्कार जातानाच होतो. जाऊन आल्यावर लोकांचा उत्साह ओसरलेला असतो. मी क्रीडा मित्रमंडळाचा सचिव, म्हणून चौकात फ्लेक्स लागला : 'देगलूरचे भूषण, निःपक्ष पंच मा. प्रल्हाद सोनकांबळे यांना परदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' त्यात त्यांचा फोटो होता तळहाताएवढा, आणि शुभेच्छुक म्हणून माझा होता परातीएवढा, कानाला मोबाईल लावलेला. छापणाऱ्यानं चूक केली असं मी सगळ्यांना सांगितलं. छापणाऱ्यानं मी सांगितलं तेच केलं होतं.

सोनकांबळे मला म्हणाले, "सर, अजून गेलो न्हाई. गेल्यावर काय करायचं ते करा."

"अहो, रीत आहे ती. जाताना सत्कार, आल्यावर अनुभवकथन."

फेटा बांधून त्यांना खुर्चीत बसवलं, शाल घातली, नारळ दिला. मी पाऊण तास बोललो. ते खुर्चीच्या कडेला असे बसले होते की मैदानाबाहेर काढलेला खेळाडूच वाटावा. शेवटी लोक पाया पडून, हात मिळवून मागण्या सांगायला लागले. कुणाला अत्तर, कुणाला खजूर. खाजाभाई काठी टेकत आला. साखरेच्या आजारानं त्याचे पाय अधू झाले होते, आणि डोळ्यांतही आता पडदा आला होता. त्यानं त्यांचा हात धरला. "साब, मेरेकु सेंट नक्को, खजूर नक्को. वो ग्राउंड की मुट्ठीभर घास लाके देव. मैं तो अब्बी कुछ देख नहीं सकता, हात लगाके देखूंगा."

सोनकांबळे म्हणाले, "आणतो, खाजाभाई."

त्या संध्याकाळी त्यांनी एवढंच एक आश्वासन दिलं.

हैदराबादला मी त्यांना गाडीनं घेऊन गेलो. वाटेत त्यांनी डाव्या हातावरचं घड्याळ अडीच तास मागं केलं. "तिथला टाइम," म्हणाले. विमानतळाच्या दाराशी मी त्यांचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पंचांचे प्रस्थान.' मग समोरच्या बाकावर मी इडली खात बसलो. तासाभरानं मान वर केली तर दारातून बॅग ओढत सोनकांबळे बाहेर येत होते. सरळ पावलांनी, मागं मागं न सरकता.

"काय झालं?"

"तारीख."

पासपोर्टला सहा महिन्यांची मुदत बाकी पाहिजे, तरच विमानात बसू देतात. हे जगाला माहीत होतं. नेपाळला जाऊन आलेल्याला माहीत नव्हतं. मी आत जाऊन भांडायला निघालो, दारातल्या जवानानं मला अडवलं. मी बाहेरूनच त्या काउंटरवरच्या पोरीला नावं ठेवायला लागलो. सोनकांबळ्यांनी माझा हात धरला.

"तिला कशाला बोलता, सर? तिनं तारीख पाह्यली. दिसली तेवढं दिलं. बरोबर दिलं तिनं."

मला ते काहीच बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे इतकं लांबण लावलं नसतं.

परतीच्या वाटेवर माझ्या डोळ्यांपुढं चौकातला फ्लेक्स उभा राहिला, आणि त्यातला माझा फोटो. ग्रुपवर तोवर 'शुभ प्रवास'चे चाळीसेक निरोप येऊन पडलेले. मी म्हणालो, "सोनकांबळे, आठच दिवसांचा प्रश्न आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला माझ्या मेहुण्याची खोली रिकामी आहे, धरणाच्या अलीकडं. तिथं राहा. सामने मोबाईलवर बघू. आठ दिवसांनी गावात या. कुणाचं काय जातंय? मंडळाची लाज राहील. आणि खाजाभाईला काय सांगणार आहात तुम्ही?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पंचानं शिट्टी वाजवली नाही म्हणजे खेळ चालू, असा मी अर्थ घेतला. आज वाटतं, त्या दिवशी तो माणूस इतका रिकामा झाला होता की शिट्टी फुंकायला त्याच्यात हवाच राहिली नव्हती.

विष्णुपुरीचे आठ दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत, म्हणून रोज आठवतात. मी शाळेत रजा टाकली होती, आईच्या आजारपणाची. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. सोनकांबळे खाटेवर बसून असायचे. दाढी करायचे, भात-आमटी खायचे, ताट धुऊन ठेवायचे. ज्या सामन्याचं त्यांच्याकडं तिकीट होतं, त्या सामन्याच्या दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले, डावं घड्याळ पाहिलं आणि खाटेवर ताठ बसले. मी मोबाईल लावला. स्टेडियम खच्चून भरलेलं. कॅमेरा एकदा वर गेला आणि शेवटची रांग दिसली.

"त्यातली एक खुर्ची रिकामी असंल," ते म्हणाले. मग हात पुढं करून त्यांनी आवाज बंद केला. पूर्ण सामना आम्ही आवाजाशिवाय पाहिला. पंच तोंडाला शिट्टी लावत होता, गाल फुगत होते, खेळाडू थांबत होते, आणि आमच्या खोलीत फक्त शेजारच्या बाईची चटणी वाटल्याचा आवाज.

शेवटच्या दिवशी मला खाजाभाईचं गवत आठवलं. जवळच इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यांची हिरवळ चांगली राखलेली असते. वॉचमनला मी सांगितलं, मूळव्याधीचं औषध करायचंय. त्यानं सहानुभूतीनं स्वतः उपटून दिलं. रुमालात बांधून आणलं, इस्त्री फिरवून जरा वाळवलं. सोनकांबळे बघत होते.

"हे काय?"

"खाजाभाईचं."

ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

गावात शिरल्यावर आधी खाजाभाईचं दुकान लागतं. मी गाडी थांबवली, रुमाल सोडला आणि ते गवत खाजाभाईच्या ओंजळीत ठेवलं. खाजाभाईनं ते बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग आंधळा माणूस बघतो तसं बरोबर सोनकांबळ्यांच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "साब, वहींच का है ना?"

सोनकांबळ्यांनी तोंड उघडलं. ते खरं सांगणार होते. मला ते स्पष्ट दिसलं, आणि पाहिलं तेवढं सांगायचं तर हेही सांगितलं पाहिजे की मी घाईनं मध्ये बोललो. "मग काय, खाजाभाई! साहेबांनी गार्डच्या हातापाया पडून आणलंय."

खाजाभाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते गवत गोळ्यांच्या एका काचेच्या बाटलीत भरलं, बूच लावलं आणि दुकानात ट्यूब लटकतात त्याच्या वर, फळीवर ठेवलं. ती बाटली आजही तिथंच आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं, कारण तोवर सोनकांबळे स्वतः काहीच खोटं बोलले नव्हते. पण मी अनुभवकथन ठरवून टाकलं होतं, जळकोटला. तिथल्या शाळेचे हेडमास्तर माझे वर्गमित्र. नाही म्हणायला सोनकांबळ्यांजवळ एकच कारण होतं, आणि ते सांगायची मी सोय ठेवली नव्हती. बोलणं मीच केलं. मी प्रास्ताविक केलं, मीच मैदानाचं वर्णन केलं, पत्र्याच्या डब्यांवरचे विनोद मीच सांगितले. ते शाल पांघरून बसून होते. शेवटी मागून एक म्हातारे क्रीडाशिक्षक उठले, तेही पंचगिरी केलेले.

"साहेब, माझा एकच प्रश्न. आम्ही टीव्हीवर बघतो. तिथं एवढ्या गोंगाटात, पार वरच्या रांगेपर्यंत, शिट्टी ऐकू येती का हो?"

सभागृह हसलं. त्यांना प्रश्न बावळट वाटला. त्या दोन म्हाताऱ्यांखेरीज तो प्रश्न कशाचा आहे हे तिथं फक्त मला कळत होतं, आणि या खेपेला मला मध्ये बोलता येईना. सोनकांबळ्यांनी डाव्या घड्याळाकडं पाहिलं. ते अजून अडीच तास मागंच होतं.

"येते," ते म्हणाले.

त्या क्रीडाशिक्षकांनी हात जोडले आणि खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते सोनकांबळ्यांच्या चेहऱ्यावर यावं म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला होता.

परत येताना एसटीत ते खिडकीकडं बघत म्हणाले, "सर, ते मी दिलं. मला दिसलं न्हवतं, ऐकू आलं न्हवतं, आन् मी दिलं."

"अहो, एवढं काय त्यात," मी म्हणालो. माझ्याजवळ नेहमी हेच असतं.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या स्पर्धा होत्या. सोनकांबळे काळा शर्ट घालून आले, डबीतून शिट्टी काढली. सामना सुरू झाला. दहाव्या मिनिटाला बॉल बाजूच्या रेषेवरून बाहेर गेला. साधा थ्रो-इन, काही वादाचं नव्हतं. दोन्हीकडची पोरं त्यांच्याकडं बघत थांबली. शिट्टी तोंडात होती, गाल फुगले होते. आवाज आला नाही. मग शिट्टी काढून डबीत ठेवली आणि कुणाशी न बोलता मैदानाबाहेर चालू लागले. मी मागं धावलो.

"मला आता दिसंना झालंय, सर."

मी मठ्ठ माणूस. त्यांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरनं सगळं तपासलं आणि म्हणाला, "काका, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." सोनकांबळे फी देऊन आधी बाहेर पडले.

त्यानंतर त्यांनी शिट्टीला हात लावला नाही. पुढचा विश्वचषक अमेरिकेला. पापक्षालन म्हणून मी त्यांचा पासपोर्ट नवा करून आणला, या वेळी सगळे नियम तीनदा वाचून. त्यांनी तो उघडला, मुदतीची तारीख पाहिली आणि मला परत दिला. "ही तर माझ्यापेक्षा जास्त दिवस चालंल," म्हणाले. ती वरची खोली कधी झाली नाही. लेक येईल तेव्हा ते ओसरीत झोपायचे. मग तिनंच त्यांना लातूरला नेलं, आणि तिथंच ते गेले.

देगलुरात मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लेकीनं लातूरला नेण्याच्या पंधरा दिवस आधी. ऐन उन्हाची वेळ. माझी स्कूटर पंक्चर झाली होती आणि मी खाजाभाईच्या दुकानात बाकावर बसलो होतो. खाजाभाईचा कारागीर ट्यूब घासत होता. खाजाभाईला आता अजिबात दिसत नाही, तरी तो दुकानात येऊन बसतो. कुणी नवं गिऱ्हाईक आलं की बोटानं अंदाजानं वर दाखवतो, "वो देखो, वर्ल्ड कप की घास. असली है. लानेवाले सोनकांबळे साब."

एवढ्यात रस्त्याच्या पलीकडून सोनकांबळे आले. सायकल हातात धरलेली. मागचं चाक पार बसलं होतं, रिम रस्त्यावर खडखडत होती. गावातलं जवळचं पंक्चरचं दुकान हेच. दुसरं थेट पलीकडच्या टोकाला, नाक्याच्याही पुढं, दीड-दोन किलोमीटर. बाकीच्या वेळी ते मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचे हे मला माहीत होतं. त्या दिवशी गल्लीत मांडव घातलेला होता, म्हणून मेन रोडनं आले असावेत. आम्हाला पाहून ते थांबले. नजर वरच्या फळीवर गेली, मग माझ्यावर आली. ते हलेनात. एक पाऊल इकडं टाकावं की नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं.

खाजाभाईनं कान टवकारले. "सर, पंक्चर सायकल खडी है सामने. आवाज आया मेरेकु. बुलाव ना, इत्ती धूप में कायकु ढकलते जा रहे? कौन है वो?"

सोनकांबळे माझ्याकडंच बघत होते. मी हाक मारली असती तर ते आले असते, आणि आले असते तर त्यांनी सांगून टाकलं असतं. बाटली खाली उतरली असती. माझं जे व्हायचं ते झालं असतं.

"दिसलं नाही, खाजाभाई," मी म्हणालो.

पलीकडं त्यांनी कॅरिअरला धरून मागचं चाक उचललं, रिम वाजू नये म्हणून, आणि सायकल तशीच अधांतरी धरून ते नाक्याच्या दिशेनं चालायला लागले.